अडत्याला बोली लावता आली नाही : सोलापुरातलं एक ट्रेझरी बिलाचं प्रकरण

"मी तीस वर्षं लिलाव पुकारलो, आन् मला बोली लावता येत न्हाई म्हणतोस का बे?"

अण्णांच्या या एका प्रश्नामुळे मी हे प्रकरण लिहायला घेतलं. अण्णा सोलापूरच्या मार्केट यार्डातले कांद्याचे अडते. वडिलांच्या काळापासून त्यांची वही आमच्याकडे येते, म्हणून मी कर सल्लागार झालो तरी त्यांच्या लेखी अजून वहीवाल्यांचा पोरगाच आहे. खाली लिलावातले भाव आणि रकमा मी गोल केल्यात, म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर मांडता येईल. बाकी घडलं तसंच लिहितोय.

अक्कलकोट रोडला त्यांचा एक जुना प्लॉट होता. तो विकला. कर आणि देणी बाजूला काढून सुमारे १२ लाख हातात उरले, तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. त्या पैशांचं काम ठरलेलं होतं. हैदराबाद रोडला एक गोदाम घ्यायचं, विसार देऊन झाला होता, साठेखत झालं होतं आणि उरलेली रक्कम "गड्डा उठल्यावर" खरेदीखताच्या वेळी द्यायची होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, होम मैदानावर जो बाजार बसतो तो गड्डा. सोलापुरात कितीतरी व्यवहारांच्या मुदती अजून गड्ड्यावर ठरतात. म्हणजे जानेवारीअखेर पैसे लागणार. मधले साडेतीन-चार महिने ते ठेवायचे कुठे?

थोरल्या मुलाचं म्हणणं, बँकेत नव्वद दिवसांची ठेव करू. अण्णा मात्र एकदा पोळले होते. काही वर्षांपूर्वी एका सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा त्यांचे नऊ लाख तिच्यात होते. ठेव विम्याचे पाच लाख मिळाले. विमा तेवढाच असतो, एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख. ही मर्यादासुद्धा फेब्रुवारी २०२० पासूनची, त्याआधी ती १ लाखच होती. वरचे चार लाख अजून अडकलेलेच. १२ लाख एकाच बँकेत ठेवायचे म्हटलं की अण्णांचा हात आपसूक छातीवर जायचा.

मी ९१ दिवसांचं ट्रेझरी बिल सुचवलं. केंद्र सरकारला थोड्या मुदतीसाठी पैसे लागतात, तेव्हा ते ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची बिलं विकतं. त्यांवर व्याज मिळत नाही. शंभर रुपयांचं बिल शंभराहून कमी पैशांत घ्यायचं, मुदत संपली की पुरते शंभर मिळतात. मधला फरक ही आपली कमाई.

हे अर्धं सांगेपर्यंत अण्णा म्हणाले, "मुद्दती हुंडी की ही. वटाव कापून द्यायची. आमच्या आजोबांच्या पेढीवर चालायची."

बरोबर तेच. हुंडी म्हणजे ठरल्या मुदतीला पैसे द्यायची लेखी चिठ्ठी, वटाव म्हणजे त्यातून आधीच कापलेली सूट. फक्त इथे हुंडी लिहून देणारं भारत सरकार. राज्य सरकारची मिळेल का, हेही त्यांनी विचारलं. नाही मिळत. राज्यं अशी बिलं काढत नाहीत, ती लांब मुदतीचे रोखे विकतात.

मग मी लिलावाचं नाव काढलं आणि अण्णा खुर्चीत सरसावून बसले.

यार्डातला कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. शेतकऱ्याच्या मालाचं वक्कल, म्हणजे विकायचा ढीग, लागतं. अडत्याचा माणूस त्यासमोर उभा राहून भाव पुकारतो, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका असतो, भाव चढत जातो आणि शेवटची बोली ज्याची, माल त्याचा. मग पुढचं वक्कल. सगळं उघड्यावर होतं. कोण किती बोलला, कुठे थांबला, कोण नुसता टेहळणी करतोय, हे सगळ्यांना दिसतं. पूर्वी कुठे कुठे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि शेतकऱ्याला आपला माल कितीला गेला हे शेवटी कळायचं. ती पद्धत बाजार समित्यांनी बंद केली ती याच कारणासाठी.

ट्रेझरी बिलाचा लिलाव दिसायला त्या रुमालाच्याच जवळचा आहे, कारण कोणाचीच बोली दुसऱ्याला दिसत नाही. पण तिथे विकणारा आणि लिलाव चालवणारा सगळ्या बोल्या पाहतो, अंधारात असतात ते घेणारे. सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँक हा लिलाव ई-कुबेर या संगणक प्रणालीवर घेते. दर तिमाहीला वेळापत्रक आधीच जाहीर होतं, कोणत्या आठवड्यात कोणत्या मुदतीची किती बिलं विकणार ते. लिलाव सहसा बुधवारी होतो. बँका, म्युच्युअल फंड, प्राथमिक व्यापारी (प्रायमरी डीलर, म्हणजे सरकारी रोख्यांचा व्यापार करणाऱ्या संस्था) आणि इतर मोठ्या संस्था सकाळी तासाभराच्या खिडकीत आपापली बोली टाकतात, इतके कोटी, या भावाने. निकाल त्याच दिवशी लागतो आणि पैसे गुरुवारी भरायचे. ९१ म्हणजे बरोबर तेरा आठवडे, १८२ म्हणजे सव्वीस, ३६४ म्हणजे बावन्न. त्यामुळे गुरुवारी घेतलेलं बिल गुरुवारीच पिकतं. ही गोष्ट अण्णांना सगळ्यात जास्त आवडली.

भाव कसा फुटतो ते मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. खरा लिलाव हजारो कोटींचा असतो आणि बोल्यांमधला फरक याहून बारीक असतो, पण समजा सरकारला १०० कोटींची बिलं विकायची आहेत. पाच बोल्या आल्या. एका बँकेने ४० कोटींसाठी ९८.६६ रुपये भाव लावला. एका फंडाने ३० कोटींसाठी ९८.६५. एका प्राथमिक व्यापाऱ्याने २० कोटींसाठी ९८.६४. दुसऱ्या बँकेने २५ कोटींसाठी ९८.६३. शेवटच्याने ३० कोटींसाठी ९८.६०. सरकार विकणारं, तेव्हा जो जास्त भाव देईल त्याला आधी. वरून मोजत आलं की पहिल्या तिघांत ९० कोटी संपले. उरलेले १० कोटी चौथ्याला मिळणार, त्याने मागितले २५. म्हणजे त्याच्या मागणीच्या चाळीस टक्के. पाचवा रिकाम्या हाताने घरी. ९८.६३ हा कट-ऑफ भाव ठरला.

"आन् सगळे ९८.६३ नेच घेणार का?"

इथेच गोम आहे. भारतात ट्रेझरी बिलांसाठी बहु-भाव पद्धत आहे. ज्याने जी बोली लावली, तो तेच पैसे भरतो. पहिल्या बँकेने ९८.६६ म्हटलं, तिला ९८.६६ च द्यावे लागणार, शेजारच्याला तोच कागद तीन पैशांनी स्वस्त मिळाला तरी. तिचं उत्पन्न वर्षाला ५.४५ टक्के पडतं आणि चौथ्याचं ५.५७ टक्के. अमेरिकेत १९९८ पासून सरकारी रोख्यांच्या सगळ्या लिलावांत उलटं आहे, पास झालेले सगळे जण कट-ऑफचाच भाव भरतात. आपल्याकडे मात्र ज्याने जास्त उत्साह दाखवला त्याने त्याची किंमत मोजायची.

अण्णा हसले. "म्हंजे इथं बाकीचे काय बोलणारायत त्याचा अंदाज घेऊन बोलायचं. जास्त बोललं की फसलं, कमी बोललं की हात हलवत परत." एका वाक्यात त्यांनी बँकांत अशा बोल्या लावायला बसलेल्या पोरांचं सगळं दुखणं सांगितलं. यार्डात समोरचा थांबला की आपणही थांबतो. इथे समोरचा दिसतच नाही.

आणि मग मी तो घाव घातला. अण्णा, तुम्हाला बोली लावायची नाहीये. आपल्यासारख्या किरकोळ गुंतवणूकदाराने बिन-स्पर्धेच्या वाटेने जायचं. रक्कम सांगायची, भाव सांगायचा नाही. मोठ्यांच्या लिलावात पास झालेल्या बोल्यांचा जो भारित सरासरी भाव (ज्याची रक्कम मोठी, त्याच्या भावाला तेवढं जास्त वजन) निघेल, त्या भावाने आपल्याला बिल मिळतं. कागदावरच्या उदाहरणात ती सरासरी बरोबर ९८.६५ येते, म्हणजे ५.४९ टक्के.

त्यावर त्यांनी वरचा प्रश्न टाकला. राग खरा होता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाचा भाव पुकारला, त्याला स्वतःच्या पैशांचा भाव दुसऱ्यांवर सोडायला सांगत होतो मी.

माझं उत्तर मी जसं दिलं तसंच लिहितो. तुम्ही बोली लावली असती तर काय झालं असतं? ९८.६० बोलला असता तर काहीच मिळालं नसतं आणि १२ लाख आणखी एक आठवडा चालू खात्यात झोपले असते. ९८.६६ बोलला असता तर सरासरीपेक्षा महाग पडलं असतं. ज्यांच्याकडे दिवसभर बाजार बघायला माणसं आहेत, त्यांच्या शहाणपणाची सरासरी फुकट मिळतेय. तुमच्या शेतकऱ्याला अशी सोय आहे का, की आज यार्डात जो सरासरी भाव निघेल तो माझ्या कांद्याला द्या, मी बोलणार नाही? अण्णा गप्प झाले. माझ्या मते ही सोय छोट्या माणसासाठी रास्तच आहे. तिला एक मर्यादा आहे: किरकोळांना जाहीर रकमेच्या जास्तीत जास्त ५ टक्केच मिळतात, मागणी त्यापेक्षा वाढली तर वाटून. आमच्या १२ लाखांना त्याची झळ लागायचं कारण नव्हतं.

लिलावातला हा बाजारभावही पूर्वीपासून नव्हता. १९७४ पासून पुढची जवळजवळ दोन दशकं ९१ दिवसांचं बिल ४.६ टक्के या एकाच ठरीव दराने निघायचं, महागाई कितीही असो. ९१ दिवसांच्या बिलाचा लिलाव सुरू झाला जानेवारी १९९३ मध्ये. तोवर, आणि त्यानंतरही काही वर्षं, सरकारला पैशांची चणचण भासली की ॲड-हॉक बिलं काढून ती थेट रिझर्व्ह बँकेलाच द्यायची रीत होती. एप्रिल १९९७ पासून ती बंद झाली. घरच्याच माणसाला हुंडी लिहून द्यायची आणि दरही आपणच ठरवायचा, असा तो मामला. अण्णांना यात फारसा रस नव्हता. मला आहे, म्हणून लिहिलं.

आता प्रत्यक्ष काय झालं ते.

रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली. तिच्यात कोणीही आपल्या नावाचं गिल्ट खातं, म्हणजे सरकारी रोखे ठेवायचं खातं, थेट रिझर्व्ह बँकेकडे उघडू शकतो, खातं उघडायला किंवा चालवायला पैसे पडत नाहीत. कमीत कमी १० हजारांची आणि पुढे त्याच पटीत बोली. खातं उघडायला आम्हाला जवळजवळ दोन आठवडे लागले, कारण अण्णांच्या आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, पॅनवर नुसतं आद्याक्षर आणि बँकेत आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. योजनेचा यात काही दोष नाही. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड अशी तीन वळणं घेत नावं लिहिली जातात, दर दुसऱ्या घरात ही भानगड असते. आधी नावं जुळवा, मग खातं उघडायला बसा.

खातं झालं. बुधवार उजाडला. मी अकराच्या सुमारास ऑफिसात आलो, चहा मागवला आणि पोर्टल उघडलं. त्या लिलावाची आमच्यासाठीची मुदत संपलेली होती. मोठ्यांची स्पर्धात्मक खिडकी साडेअकरापर्यंत असते हे डोक्यात होतं. किरकोळांच्या बोल्या गोळा होऊन त्याआधी पुढे जाव्या लागतात, हे ठाऊक असूनही मी गाफील राहिलो. चूक सर्वस्वी माझी.

एका आठवड्याची किंमत किती? ११,८३,८०० रुपयांवर ५.४९ टक्क्यांनी सात दिवसांचे साधारण १,२४६ रुपये. आता दुसरा आकडा बघा. अण्णांच्या बँकेचा नव्वद दिवसांचा दर होता ४.७५ टक्के. तेवढेच पैसे ९१ दिवस तिथे ठेवले असते तर १४,०१९ रुपये व्याज. ट्रेझरी बिलात १६,२००. सगळा फायदा २,१८१ रुपयांचा, त्यातले निम्म्याहून जास्त माझ्या एका चहाने खाल्ले. थोरला मुलगा सरळ म्हणाला, "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" दरापुरतं बोलायचं तर त्याचं बरोबर होतं. अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "दोन हजारासाठी न्हाई करत मी. रात्री झोप लागावी म्हणून करतोय."

पुढच्या वेळी मंगळवारीच काम उरकलं. १२ लाख दर्शनी किमतीची बोली टाकली. लिलावाआधी भाव कळत नाही, त्यामुळे आधी अंदाजाने थोडी जास्त रक्कम द्यायची आणि फरक नंतर परत येतो. भारित सरासरी भाव ९८.६५ धरला तर शेवटी गेले ११,८३,८००. ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी बिल खात्यात जमा, पिकणार संक्रांतीनंतरच्या आठवड्यातल्या गुरुवारी. अण्णांनी संध्याकाळी पेढीवर जाऊन खतावणीत नवं पान उघडलं. वर लिहिलं, "श्री. भारत सरकार, दिल्ली". नावे ११,८३,८००.

इथवर सगळं सरळ होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गोदामवाल्याचा निरोप आला. त्याच्या घरी अडचण होती, चार लाख आत्ता दिले तर तो शेवटच्या रकमेतले वीस हजार सोडायला तयार होता. अण्णांना सौदा पटला. पण हंगाम ऐन भरात, यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग, पेढीचे सगळे पैसे शेतकऱ्यांच्या पट्ट्यांत फिरत होते. शिल्लक होती ती फक्त सरकारच्या पानावर.

वाटा दोन. पहिली, पेढीच्या कॅश क्रेडिट खात्यातून, म्हणजे बँकेने धंद्यासाठी दिलेल्या उधारीतून, १० टक्क्यांनी पैसे उचलायचे आणि बिल पिकलं की भरायचे. दुसरी, चार लाखांचं बिल मुदतीआधी दुय्यम बाजारात, म्हणजे आधी घेतलेली बिलं जिथे पुन्हा विकली जातात तिथे, विकायचं. रिटेल डायरेक्टच्या खात्यातून रिझर्व्ह बँकेच्या एनडीएस-ओएम या मंचावर ते करता येतं. पण तिथले खरे व्यवहार कोट्यवधींचे, आपल्या चार लाखांसाठी कोणी डोळे लावून बसलेलं नसतं. ४५ दिवस उरलेल्या बिलाची, ५.४९ च्या हिशेबाने, रास्त किंमत ९९.३३ व्हायला हवी. आम्हाला जो घेणारा दिसत होता तो ९९.१० देत होता. चार लाखांवर ९२० रुपयांचा खड्डा.

मुलाने लगेच सांगितलं, पडत्या भावात विकायचं नाही, कॅश क्रेडिट काढू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मी हिशेब मांडला. विकून हातात येणार ३,९६,४००. तेवढेच १० टक्क्यांनी ४५ दिवस उचलले तर व्याज ४,८८७. बिल न विकता ठेवलं तर त्या काळात त्यावर मिळणार ३,६००. म्हणजे ९२० चा खड्डा टाळायला जाऊन विकण्यापेक्षा १,२८७ रुपये जास्त घालवायचे. खड्डा डोळ्याला दिसतो, व्याज महिनाअखेर गुपचूप कापलं जातं, एवढाच फरक.

अण्णांना हिशेबाची गरज लागली नाही. कांदा विकणाऱ्याला भाव पडला तरी थांबणं परवडत नाही, थांबला की माल सडतो. इथे उलटं आहे, हे बिल दिवसागणिक पिकत होतं, सडत नव्हतं. तरी त्यांनी विचारलं ते नेमकंच: "माझ्या उधारीचं व्याज पळतंय का याच्या पिकण्यापेक्षा जोरात? मग विक." उधारीच्या ४,८८७ पुढे पिकण्याचे ३,६०० कमीच पडत होते आणि वर गोदामवाल्याची वीस हजारांची सूट होती, तेव्हा ती पडती किंमत कितीही बोचली तरी सौद्यापुढे ती काहीच नव्हती.

चार लाखांचं बिल गेलं. वरचे ३,६०० रुपये आपल्याजवळचे घालून गोदामवाल्याला चार लाख पोचते झाले. त्या भागावर ४६ दिवसांत १,८०० रुपये सुटले, वर्षाच्या हिशेबाने ३.६ टक्के. बँकेतली ठेव तेव्हाच मोडली असती तर? त्यांच्या बँकेत ४६ दिवसांचा दर ४ टक्के आणि मोडल्याचा दंड अर्धा टक्का, म्हणजे साधारण १,७४० रुपये. बरोबरीच म्हणायची.

या प्रकरणात माझा खरा हुकलेला निर्णय बुधवारच्या चहाचा नव्हे, तर सगळे १२ लाख एकाच गुरुवारी पिकतील असं लावण्याचा होता. गड्ड्याची मुदत अण्णांनी सांगितली आणि मी ती दगडावरची रेघ समजलो. साठेखतावरची तारीख पुढेमागे होते, हे सोलापुरात धंदा करणाऱ्याला सांगायची गरज नाही. तीन-चार लाख दोन बँकांत विम्याच्या मर्यादेत साध्या ठेवीत ठेवून बाकीचंच बिलात घालायला हवं होतं. लिलावात नेमाने निघणाऱ्या बिलांत ९१ दिवसांहून छोटी मुदत नाही. सरकार गरजेनुसार त्याहून कमी दिवसांची रोख व्यवस्थापन बिलं काढतं, पण त्यांच्यावर बेत आखता येत नाही. आणि दुय्यम बाजारात छोट्या रकमेला जो भाव मिळतो, त्यात दहा-वीस पैसे जाणार हे घरून निघतानाच धरून चालायचं.

कराचं थोडक्यात: या कमाईवर टीडीएस कापला जात नाही म्हणून ती करमुक्त आहे असा अण्णांच्या शेजारच्या गाळेवाल्याचा समज होता. तसं नाही. ती उत्पन्नात धरावी लागते आणि आपल्या स्लॅबप्रमाणे कर पडतो. अण्णांच्या वहीत मी तशी नोंद केली.

संक्रांतीनंतरच्या त्या गुरुवारी उरलेल्या बिलाचे ८ लाख रुपये त्यांच्या बँक खात्यात जमा झाले. कोणाला फोन करावा लागला नाही, अर्ज नाही, शिक्का नाही. त्यांच्यावर १०,८०० रुपये सुटले, विकलेल्या भागाचे १,८०० धरून एकूण १२,६००. गोदामवाल्याने सोडलेले वीस हजार वेगळे, ते काही सरकारने दिलेले नव्हेत. होम मैदानावरचे पाळणे अजून उतरवायचे होते, तोवर खरेदीखत नोंदवून झालं.

संध्याकाळी पेढीवर गेलो तेव्हा अण्णा खतावणी उघडून बसले होते. "श्री. भारत सरकार, दिल्ली" या पानावर जमेच्या बाजूला दोन ओळी लिहिल्या, ३,९६,४०० आणि ८,००,०००. नावेच्या बाजूला खाली वटाव १२,६००. मग लाल शाईने दोन आडव्या रेघा मारल्या, खातं बेबाक. पान उलटता उलटता म्हणाले, "मार्चनंतर कांद्याचे पैसे मोकळे होतील. तेव्हा मंगळवारी ये. बुधवारी चहा प्यायला ये हवं तर."